बिशपांनी बदली केली तर फादर नाही म्हणू शकतात का?

तापीकाठचा
जय ख्रिस्त मंडळी. आम्ही जळगाव जिल्ह्यातले कॅथलिक, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या मुख्य फादरांची बदली आली आणि ती पण शाळेचं वर्ष अर्ध्यात असताना, होस्टेलला सातपुड्यातली पावरा न् भिल्लांची पोरं आहेत, त्यांच्या बोलीत बोलणारे हेच एक फादर. लोक लय चिडलेत. काही म्हणता चर्चला कुलूप लावू, काही म्हणता फादरांनीच सरळ नकार द्यावा. फादर काही बोलत नाहीत, आज्ञा आहे एवढंच म्हणता. आमचे आबा म्हणता बिशपचा शब्द तो देवाचा शब्द, विषय संपला. मला ते पटत नाही, आणि फादरांनी बंड करावं हे पण पटत नाही. नियम खरा काय आहे?

जुना_सेमिनरियन
भाऊ, आधी हे बघा की फादर धर्मप्रांताचे, म्हणजे बिशपांच्या हाताखालच्या भागाचे आहेत, की व्रत घेतलेल्या धर्मगुरूंच्या एखाद्या संघाचे. धर्मप्रांताचा फादर दीक्षेच्या वेळी बिशपांच्या हातात हात देऊन त्यांना आणि त्यांच्यानंतर येणाऱ्या बिशपांना आज्ञापालनाचं वचन देतो, संघाचा फादर वरिष्ठांपुढे व्रत घेतो. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, कलम २७३ आणि २७४ आहे, बिशपांचा मान ठेवायचा, दिलेली जबाबदारी घ्यायची, योग्य अडचण असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे आबा अर्धे बरोबर आहेत.

पण धर्मप्रांताच्या मुख्य फादरची बदली नुसत्या हुकमावर होत नाही. कलम १७४८ म्हणतं बिशपांनी आधी लेखी प्रस्ताव द्यावा आणि देवाच्या न् लोकांच्या प्रेमाखातर मान्य कर म्हणून समजवावं. फादरला पटलं नाही तर त्याने कारणं लेखी द्यायची. बिशपांना ती कारणं ठरलेल्या दोन फादरांबरोबर बसून तपासावी लागतात, तरी बदली करायचीच ठरली तर परत एकदा समजवायचं, आणि मगच आदेश. आदेशानंतरसुद्धा दहा दिवसांत बिशपांकडेच फेरविचार मागता येतो, नाही झालं तर रोमला दाद. एवढं सगळं चर्चनेच लिहून ठेवलंय, मग लेखी हरकत घेणं हे बंड कसं होईल? मला याचा खरंच राग येतो, आपल्याकडे फादर तोंड उघडलं की लोक लगेच म्हणता अहंकार आला. हां, सहायक फादरला एवढं संरक्षण नाही, आणि ठरावीक मुदतीवर नेमलेला असेल न् मुदत संपली असेल तर प्रश्नच वेगळा.

नंदुरबारची_ताई
बदलीचं ठीक आहे दादा, पण खरी हद्द दुसरीकडे आहे आणि ती लोकांना माहीत पाहिजे. कन्फेशनमध्ये, म्हणजे पापाची कबुली देताना, ऐकलेलं सांग असं बिशप काय, पोपसुद्धा सांगू शकत नाहीत. पापाचं काम करायला सांगितलं तर आज्ञा लागूच होत नाही, चर्चचे मोठे धर्मपंडित संत थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकातच लिहून ठेवलंय की वरिष्ठाचं सगळ्याच बाबतीत ऐकायचं बंधन नाही. आणि लहान मुलांवर अत्याचाराची गोष्ट असेल तर गप्प बस म्हणायचा अधिकार कोणालाच नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये नियम काढला, फादर न् सिस्टर यांनी कळवलंच पाहिजे, कळवणाऱ्याचा सूड घ्यायचा नाही, त्याच्यावर मौन लादायचं नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा आपला २०१२ चा पॉक्सो कायदा तर पोलिसांना कळवायलाच सांगतो. मी होस्टेलच्या पोरींमध्ये काम करते म्हणून हे एवढं पोटतिडकीने लिहितेय, आज्ञा या शब्दाखाली खूप काही दाबलं जातं.

संघाच्या लोकांचं पण ऐका, कलम ६०१ प्रमाणे वरिष्ठाने आपल्या संघाच्या घटनेत राहूनच हुकूम द्यायचा. मनाला येईल तो नाही.

भुसावळ_रेल्वे_कॉलनी
कुलूप मात्र लावू नका भो. केरळात सिरो-मलबार नावाच्या कॅथलिक चर्चमध्ये २०२१ ला मिस्सा, म्हणजे चर्चमधला मुख्य उपासनाविधी, कशी करायची यावर सिनोडचा, म्हणजे बिशपांच्या सभेचा, निर्णय आला, एर्नाकुलम-अंगमाली धर्मप्रांताच्या बऱ्याच फादरांनी तो मानला नाही, पोपचं पत्र, व्हिडिओ, सगळं झालं, तिथलं मोठं चर्च, सेंट मेरीज बॅसिलिका, किती दिवस बंद राहिली. शेवटी २०२४ च्या जुलैत तडजोड, रविवारी निदान एक मिस्सा नवीन पद्धतीने. त्या फादरांचं म्हणणं चूक होतं असं मी म्हणत नाही, दोन्हीकडे प्रामाणिक माणसं होती. पण बॅसिलिकेत मिस्साला जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी कुठं जायचं?

जुना_सेमिनरियन
अगदी बरोबर. तापीकाठचा भाऊ, तुमच्यासाठी कलम २१२ आहे. आपल्या गरजा आणि मत धर्मगुरूंना कळवायचा हक्क सामान्य भाविकांना आहे, कधी कधी ते कर्तव्यच असतं, फक्त आदराने. फादर चांगले आहेत एवढंच लिहू नका. पोरांची बोली, परीक्षा, मार्चपर्यंत थांबता येईल का, हे लिहा.

तापीकाठचा
आभार सगळ्यांचे. फादर धर्मप्रांताचेच आहेत, आणि त्यांना लेखी प्रस्ताव आला की डायरेक्ट आदेश ते मी आज संध्याकाळी विचारतो. पत्राचा मसुदा रविवारी मिस्सा झाल्यावर बसून करू, आबांना पण बसवतो. होस्टेलच्या पोरांच्या आईबापांच्या सह्या घ्यायला धडगाव बाजूला जावं लागेल, कोणाची गाडी असेल तर सांगा.