फौंड्रीत टनावर प्रोत्साहन भत्ता : पद्धत बदलायची आहे, मदत हवी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत (धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात) मोल्डिंग-ओतकामाच्या, म्हणजे साचे बनवून धातू ओतणाऱ्या, टोळीला ओतलेल्या टनांवर भत्ता मिळतो, प्लांट मॅनेजरला वार्षिक नफ्यावर. दोन्हीकडे दुखणं एकच, मोजलं जातं तेवढंच वाढतं. टन गाठायला वाळूचा ओलावा न तपासता साचे बंद होतात. ब्लो होल, म्हणजे वायूमुळे ओतीव मालात राहिलेली पोकळ छिद्रं, उघडे पडतात ते थेट गिऱ्हाइकाकडे मशिनिंगला, तोवर भत्ता वाटून झालेला. मॅनेजर मार्चअखेरचा नफा राखायला भट्टीचं लायनिंग (आतलं उष्णतारोधक अस्तर) बदलणं पुढे ढकलतो, आणि ही बचत सर्वांत महाग पडते.

विचार असा आहे : टोळीला तपासणीत पास झालेल्या मालाच्या वजनावरच भत्ता, ६० टक्के लगेच, ४० टक्के तीन महिन्यांनी रिजेक्शन (गिऱ्हाइकाने नाकारलेला माल) वजा करून. मॅनेजरला तीन वर्षांच्या सरासरी नफ्यावर. कायद्याचा ८.३३ ते २० टक्के बोनस यात अजिबात मिसळायचा नाही.

अडलंय ते इथे. खराब स्क्रॅप किंवा चुकीच्या पॅटर्नमुळे (साचा ज्यावरून घेतात त्या नमुन्यामुळे) झालेलं रिजेक्शन टोळीच्या माथी बसायला नको. बेळगावजवळच्या मच्छे, काकतीकडे कुणी हीट नंबर (भट्टीच्या प्रत्येक वितळणीचा क्रमांक) लावून दोषाच्या कारणानुसार वाटणी करतं का? तक्ता असेल तर कृपया टाका. शिवाय मधेच काम सोडणाऱ्याचे राखलेले ४० टक्के कसे चुकते करता? ती पगारातली बेकायदा कपात ठरू नये, म्हणून नियमाची शब्दरचनाही हवी.