लेकीने आईविषयी गप्पच बसायला हवे होते का? (नॅन्सी रेगन आणि पॅटी डेव्हिस)

माजघर

परवा प्रिन्स हॅरीच्या पुस्तकावरील चर्चेत 'तुळशीकट्टा' यांनी जाता जाता लिहिले: "घरची लक्तरे वेशीवर टांगून पैसा करणाऱ्या लेकरांत रेगनची पॅटी अग्रणी. शेवटी तिलाच उपरती झाली आणि आपण गप्प राहायला हवे होते असे तिने लिहून दिले. आई ती आईच." त्याखाली अठ्ठावीस जणांनी हात जोडल्याची चिन्हे लावली. ते वाक्य मला दोन दिवस पचले नाही, म्हणून स्वतंत्रपणे लिहिते आहे.

उपरती नेमकी कशाची झाली हे आधी नीट वाचावे. पॅटी डेव्हिस ही अमेरिकेचे माजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन आणि त्यांच्या पत्नी नॅन्सी यांची मुलगी. तिने जानेवारी २०२३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये हॅरीच्या निमित्ताने एक लेख लिहिला. तरुणपणच्या स्वतःला तू काय सांगशील, या प्रश्नाला तिचे उत्तर 'गप्प राहा' असेच होते. पण लगेच पुढे ती म्हणते की कायमचे नव्हे, जरा लांब उभे राहून सगळे पाहता येईल तोपर्यंत. आपल्याकडे या विचाराचा पहिला अर्धा भाग पोहोचला आणि दुसरा वाटेत गळाला.

आई आपल्याला लहानपणापासून मारत असे आणि मन शांत करणाऱ्या गोळ्यांवाचून तिचे चालत नसे, असे पॅटीने १९९२ च्या पुस्तकात लिहिले होते. वडिलांना सांगायला गेल्यावर त्यांनी मुलीलाच खोटारडी ठरवले, हेही त्यात आहे. देशभरातल्या शाळकरी मुलांना अमली पदार्थांना 'नाही म्हणा' असे शिकवणाऱ्या बाईंच्या घरातले हे वर्णन असल्यामुळे गदारोळ झाला. आता मला सांगा, हे सारे आपण रचले होते असे तिने २०२३ च्या लेखात कुठे म्हटले आहे? 'तेव्हा सांगायला नको होते' आणि 'घडलेच नव्हते' या दोन वाक्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, आणि 'आई ती आईच' म्हणणारे नेमके तेच अंतर बुजवून टाकतात.

तुळशीकट्टा

माझ्या दोन ओळींवर एवढा मोठा लेख लिहिल्याबद्दल आभारी आहे. मात्र तोच लेख मीही वाचला आहे. ते पुस्तक लिहिले नसते तर बरे झाले असते, असे ती त्यात स्पष्ट म्हणते. सत्य आपल्या एकट्याचे नसते, आपल्या गोष्टीत वावरणाऱ्या इतर माणसांचेही आपापले सत्य असते, असेही म्हणते. हे तुम्ही सोयीस्करपणे गाळले.

माझा अनुभव सांगतो. माझ्या थोरल्या बहिणीने पंधरा वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात 'माझी आई' या विषयावर लेख लिहिला. त्यात आईचा हात उठत असे, आई दोघांत डावेउजवे करत असे, असे सगळे होते आणि त्यातले बहुतेक खरे होते. कार्तिकी एकादशीला आई नेहमीप्रमाणे भजनी मंडळात गेली, तर एका बाईने तो अंक पिशवीतून काढून तिच्यासमोर धरला. त्यानंतर ती मंडळात कधीच गेली नाही. तिचे टाळ अजून माझ्याकडे आहेत. बहिणीला लेखाचे मानधन पाचशे रुपये मिळाले होते. झाकली मूठ म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळले.

बखरकार

लक्तरांचा हिशेब तारखांनी करावा, म्हणजे भावना थोड्या आवरतील. पॅटीची पहिली कादंबरी १९८६ ची. तिच्यातले राजकारणी वडील आणि दिसण्यालाच सगळे मानणारी आई कोण, हे ओळखायला कोणालाही कष्ट पडले नाहीत. ऑक्टोबर १९८७ मध्ये नॅन्सीबाईंची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि त्याच महिन्यात त्यांची आई एडिथ वारली. आजीच्या अंत्यविधीला पॅटी फिनिक्सला आली नाही. ते दुःख बाईंनी घरात ठेवले नाही, त्याची जाहीर वाच्यता झाली. १९८९ मध्ये, व्हाइट हाउस सोडले त्याच वर्षी, त्यांनी स्वतःचे आत्मकथन प्रसिद्ध केले आणि मुलीशी बिघडलेल्या संबंधांची आपली बाजू त्यात मांडली. पॅटीचे १९९२ चे पुस्तक त्याच्यानंतरचे आहे. तेव्हा वेशीवर दोरी दोघींनी मिळून बांधली होती, एवढे नोंदवतो.

खडाष्टक

दोरी आधी १९८६ मध्ये कोणी बांधली हे आपणच सांगितलेत, धन्यवाद.

मला एक साधी शंका आहे. आई इतकी नकोशी होती, तर या बाईने वडिलांचे रेगन हे आडनाव टाकून आईच्या माहेरचे डेव्हिस का लावले? आईचे नाव वापरायचे, आईवर लिहायचे, आईवरच विकायचे आणि वर दुखावलेपणही मिरवायचे, हा व्यवहार मला तरी उमगत नाही. १९९४ साली ती प्लेबॉयमध्ये झळकली, तेही बहुधा दूर उभे राहून पाहण्यासाठीच असावे.

माजघर

प्लेबॉयचा आईने मारण्याशी काय संबंध? मुलीचे चारित्र्य काढले की तिची तक्रार आपोआप खोटी ठरते, ही युक्ती आपल्या गल्लीपासून वॉशिंग्टनपर्यंत सगळीकडे चालते, एवढेच यातून सिद्ध होते.

बखरकार

आडनावाचा प्रश्न मात्र खडाष्टक यांना वाटतो त्यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. प्रसिद्ध बापाच्या सावलीबाहेर आपले काम उभे राहावे म्हणून तिने डेव्हिस हे नाव घेतले. पण ते नॅन्सीबाईंचेही जन्माचे नाव नव्हे. त्या जन्मल्या १९२१ साली न्यूयॉर्कमध्ये, ॲन फ्रान्सिस रॉबिन्स या नावाने. आईवडिलांचे पटले नाही. एडिथ नाटकात काम करणारी. दौरे सुरू झाले तेव्हा तिने या लहानग्या मुलीला मेरीलँडमधल्या बेथेस्डा येथे बहिणीकडे ठेवले, आणि मुलगी सुमारे सहा वर्षे तिथेच वाढली. १९२९ मध्ये एडिथने शिकागोच्या लॉयल डेव्हिस या मेंदूच्या शल्यचिकित्सकाशी लग्न केले, तेव्हा कुठे मायलेकी एका छपराखाली आल्या. पुढे किशोरवयात डेव्हिस यांनी तिला रीतसर दत्तक घेतले. नॅन्सी डेव्हिस हे नाव म्हणजे त्या मुलीला मिळालेले घर होते, आणि हॉलीवूडमध्ये ती त्याच नावाने उभी राहिली. पॅटीने आईकडून उचलले ते हेच नाव.

तुळशीकट्टा

म्हणजे सावत्र बापाचे नाव! मग आईचे नाव लावल्याचा एवढा गौरव कशासाठी? आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर आईचे नाव बंधनकारक केले, तेव्हाही मी हेच म्हटले होते की आडनाव शेवटी कोणा ना कोणा बापाचेच राहते.

न्यूजर्सीकर

तो नियम आईचे स्वतःचे नाव लिहिण्याविषयी आहे, आडनावाविषयी नाही. मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम आहे. निषेध करण्यापूर्वी निदान वाचावे.

तुळशीकट्टा

मी वाचूनच लिहितो. परदेशात बसून महाराष्ट्राचे नियम शिकवण्याची हौस मात्र थोर आहे.

न्यूजर्सीकर

मी कुठे बसले आहे याने त्या नियमातला क्रम बदलत नाही.

पाटीपेन्सिल

आडनावावर सात जणांनी लिहिले तरी चालेल, पण बखरकारांच्या प्रतिसादातले बेथेस्डा हे गाव कोणालाच टोचले नाही, याचे मला नवल वाटते. माझी आई चंद्रपूरला शिक्षिका होती आणि मी तिसऱ्या वर्षापासून नवव्या वर्षापर्यंत साताऱ्याला मावशीकडे होते. मावशीने मला काही कमी केले नाही. पण दर मे महिन्यात आई यायची तेव्हा मी चार दिवस आधीपासून नखे कापून, वेणी घालून, पाढे पाठ करून तयार असायचे, कारण मी चांगली दिसले तर ती या वेळी घेऊन जाईल असे मला वाटायचे. पुढे मला मुलगी झाली. ती विस्कटलेल्या केसांनी पाहुण्यांसमोर आली की माझा हात शिवशिवायचा, आणि दोनदा तो उठलाही. मला ते का होत होते हे चाळिशीत कळले.

नॅन्सीबाई आपले वय दोन वर्षांनी कमी सांगत. पॅटीचा जन्म २१ ऑक्टोबर १९५२ चा आणि लग्न त्याच वर्षीच्या ४ मार्चचे. महिने मोजायचे तर खुशाल मोजा, असे त्यांनीच आठवणींत लिहिले आहे. लोक मोजणारच हे त्या बाईला ठाऊक होते. जिचे सारे आयुष्य चांगले दिसण्यावर तगले, तिच्या पोटी न्यूक्लिअर शस्त्रांविरुद्ध सभा गाजवणारी आणि १९८२ मध्ये त्याच चळवळीतल्या डॉक्टर हेलन कॅल्डिकॉट यांना थेट व्हाइट हाउसमध्ये वडिलांसमोर नेऊन बसवणारी मुलगी यावी, यात दोघींचे काय झाले असेल याचा अंदाज मला तरी करता येतो.

माजघर

पाटीपेन्सिल, तुमचे लिहिणे मनाला लागले आणि तरीही मी रागावले आहे. आईला तिच्या आईने मावशीकडे ठेवले होते, म्हणून तिला लेकीच्या थोबाडीत मारायचा परवाना मिळतो का? हा न्याय लावला तर जगात कोणीच कोणाला कधीच जाब विचारू शकणार नाही.

पाटीपेन्सिल

मी परवाना कुठे दिला? मी माझ्या मुलीची क्षमा मागितली आहे, आणि तिने ती अद्याप दिलेली नाही. तो तिचा हक्क आहे. मी फक्त एवढेच म्हणते आहे की पॅटीला हे १९९२ मध्ये दिसत नव्हते आणि नंतर दिसू लागले. लांब उभे राहून पाहणे म्हणजे आणखी काय असते?

खडाष्टक

सुंदर. आता मारणारीही बळी, मार खाणारीही बळी, आणि पुस्तकाचे पैसे मात्र प्रकाशकाकडून एकीलाच.

न्यूजर्सीकर

दोघींनी पुस्तके लिहिली, दोघींनाही पैसे मिळाले. आता मूळ विषयाकडे येते.

माझी आई गेली चार वर्षे माझ्याकडे आहे आणि तिला स्मृतिभ्रंश आहे. लहानपणी वेणी घालताना मी हलले की फणीची पाठ डोक्यात बसायची. आता मी तिचे केस विंचरते तेव्हा ती आरशात माझ्याकडे बघून विचारते, "बाई, तुमच्या आई कुठे असतात?" मी "पुण्याला" असे सांगते. जाब विचारण्यासाठी मी जी व्यक्ती चाळीस वर्षे मनात जपली होती, ती आता या घरात राहत नाही.

म्हणून पॅटीचे बदलणे मला दिखाऊ वाटत नाही. ५ नोव्हेंबर १९९४ ला रेगन यांनी स्वतःच्या हस्ताक्षरातल्या पत्रातून अल्झायमर झाल्याचे देशाला कळवले, आणि त्यानंतरच्या वर्षांत मायलेकींमधला अबोला संपत गेला. जून २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सिमी व्हॅलीला रेगन यांच्या दफनविधीत सूर्यास्ताच्या वेळी नॅन्सीबाई शवपेटीवर डोके टेकून रडल्या, तेव्हा त्यांना सावरायला जी मुले पुढे आली त्यांत पॅटी होती. पुढे तिने अल्झायमरच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांसाठी आधारगटही चालवला.

माजघर

आजार वडिलांचा होता, आईचा नव्हता, हा फरक विसरू नये. विसरण्याची सोय नॅन्सीबाईंना मिळाली नाही. मुलीने काय लिहिले ते त्यांना शेवटपर्यंत आठवत होते आणि मुलीलाही आईचा हात आठवत होता. सगळे आठवत असताना दोघी एका खोलीत बसू लागल्या, ही मला त्यांच्या समेटातली अधिक अवघड गोष्ट वाटते.

आणि समेट झाला म्हणून पॅटी गप्प बसली असेही नाही. मार्च २०१६ मध्ये आईच्या अंत्यविधीला, साऱ्या प्रतिष्ठितांसमोर, ती उभी राहून म्हणाली की आमचे नाते अवघड आणि बऱ्याचदा भांडणाचे होते हे काही गुपित नाही, आणि आम्ही एकमेकींशी कधी सौम्यपणे वागलोच नाही. आईवडील म्हणजे एका वर्तुळाची दोन अर्धी, ते दोघांभोवती घट्ट मिटलेले आणि त्या जागेत दुसऱ्या कोणालाही खरा प्रवेश नव्हता, असेही ती म्हणाली. पोटची मुलेसुद्धा त्या वर्तुळाच्या बाहेर होती, हे तिने आईच्या शवपेटीशेजारी उभे राहून सांगितले. १९९२ मध्ये जे आरडून सांगितले, त्यातले पुष्कळ २०१६ मध्ये तिने आवाज न चढवता सांगितले. तुळशीकट्टा, ही गप्प बसलेली लेक आहे का?

तुळशीकट्टा

नाही, आणि ते भाषण मला ठाऊक नव्हते. ते तुमच्या खाती जमा करतो. माझ्या बहिणीने आई गेल्यानंतर तसे काही बोलले असते तर मी ऐकून घेतले असते, असे वाटते; पण खात्रीने सांगू शकत नाही, कारण आई गेली तेव्हा आम्ही दोघे बोलतच नव्हतो.

मूळ प्रतिसादात 'लिहून दिले' हे शब्द काढून 'कायमचे नव्हे' हे तिचे म्हणणे घातले आहे आणि लेखाचे सालही टाकले आहे. 'आई ती आईच' तसेच ठेवले आहे. त्यावर वाद घालू नये.

खडाष्टक

अठ्ठावीस जणांनी आता हात सोडवून घ्यावेत काय?

बखरकार

दुरुस्तीत साल २०२२ पडले आहे. ते २०२३ करावे.