ह्वांगेच्या पाणवठा गणनेला कोणी गेलंय का?

लालबागकर

नमस्कार मंडळी. वय 52, राहणार लालबाग. गेली तीन वर्षं बुद्ध पौर्णिमेला ताडोबात मचाणावर बसतोय. झिंबाब्वेतल्या ह्वांगे राष्ट्रीय उद्यानात अशीच चोवीस तासांची गणना होते आणि तिथे साधी माणसंही बसतात, असं कळलं. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. शिक्षण बारावी कॉमर्स, डावा कान कमी ऐकतो. अशा माणसाचा तिथे खरंच उपयोग होतो का? आमची ही विचारते, "ताडोबात बसताच ना, मग एवढा खर्च कशाला?" तिला नीट उत्तर द्यायचंय.

सांताक्रूझ_ईस्ट

जाणकार उत्तर देतीलच, मी फक्त लशीचं सांगतो. मुंबईहून जाताना बहुधा अदिस अबाबा किंवा नैरोबीला विमान बदलावं लागतं आणि इथिओपिया, केनिया दोन्ही देश पीतज्वराचे. लस निघण्याआधी किमान 10 दिवस घ्या. एकदा घेतली की जन्मभर चालते, लशीचा दाखला म्हणून मिळणारं पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा. ह्वांगेत मलेरियाही आहे, गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा.

गणिताच्या बाई

मी जाऊन आलेय, करोनाच्या आधी. माझा मावसभाऊ नोकरीनिमित्त झिंबाब्वेतल्याच बुलावायो शहरात होता आणि तिथल्या निसर्गप्रेमींच्या गटात होता, म्हणून त्याच्या गाडीत मला जागा मिळाली. डिग्री कोणी विचारली नाही. पण गाडी, तंबू, पाणी, शिधा सगळं आपलं आपण न्यायचं होतं. तेव्हा विमानाचं तिकीट काढण्याआधी तिथला गट शोधा, हे सगळ्यात महत्त्वाचं.

आता वहिनींचा प्रश्न. आपल्याकडे वाघांचा हिशेब कॅमेरा ट्रॅपवर, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांवर होतो, मचाणावरची रात्र मुख्यतः आपल्या अनुभवासाठी असते. ह्वांगेत 1972 पासून माणसं बसून मोजतायत. कोरड्या हंगामाच्या शेवटी, पौर्णिमा गाठून, दुपारी बारा ते दुसऱ्या दिवशी दुपारी बारा. उद्यान साधारण 14,600 चौरस किलोमीटरचं आणि बारमाही नदी नाही. बोअरचं पाणी उपसून तळ्यांत सोडतात, त्या तळ्यांना तिथे पॅन म्हणतात. त्या दिवसांत जनावराला तिथे यावंच लागतं. जंगलात एकूण हत्ती किती, हे त्यातून निघत नाही. एखादा कळप दोनदा येतो, आणि आधी पाऊस झाला असेल तर रानात डबकी साचून पॅनवर कोणी फिरकत नाही. पण तीच जागा, तीच पौर्णिमा, वर्षानुवर्षं, म्हणून चढ-उतार दिसतो. 2019च्या दुष्काळात झिंबाब्वेत 200च्या वर हत्ती मेले, त्यातले बरेच ह्वांगेत. अशा ठिकाणी कुठे काय कमी होतंय हे आधीच्या आकड्यांशी ताडून बघता येतं, हे केवढं मोठं काम आहे!

रात्री साडेआठला हत्ती आले. आवाज नाहीच, वाळूत पाय उशीवर पडावेत तसे पडतात. तुमच्या कानाची काळजी सोडा, मला दोन्ही कानांनी काही ऐकू आलं नाही, वळून बघितलं तर पन्नास पावलांवर उभे. तळं भरलेलं असूनही सगळी झुंबड पंपाच्या पाइपाशी, कारण ताजं पाणी तिथे. मोठ्या हत्तिणी पाइपाच्या तोंडाला सोंड लावून, पिल्लं त्यांच्या पायांतून वाट काढत. पिल्लू आईच्या पोटाखालून सहज जात असेल तर वर्षाच्या आतलं धरायचं. सेबल हरणांचा एक कळप, काळेशार अंग, मागे वळलेली शिंगं, पाऊण तास कडेला उभा होता. हत्ती हलले तेव्हा कुठे त्यांनी पाण्याला तोंड लावलं. मी घड्याळ बघत बसले होते, जीव तुटत होता.

पहाटे पावणेतीनला तीन-चार कळप एकत्र झाले. भाऊ पार दमलेला, म्हणाला, "ताई, साधारण 80 लिही." मी नाही लिहिलं. पाणी पिऊन ते एका वाळक्या झाडाजवळून बाहेर पडत होते, तिथे नजर ठेवून पाच-पाचचे गठ्ठे मोजले, परीक्षेचे पेपर मोजतो तसे. 63 भरले. "साधारण" लिहिलं असतं तर 17 हत्ती नसताना कागदावर आले असते, आणि पुढच्या वर्षी तिथे खरेच 63 आले की कोणीतरी 17 मेले म्हणून शोधत बसलं असतं. बारावी कॉमर्सवाल्याला हे मी सांगायला नको.

त्या वर्षी नेमकी कोजागिरी होती. घरचं आटवलेलं दूध चुकलं, थर्मासमधला कोरा चहा प्यायले.

रानवाट_ठाणे

बाईंचं वाचून अंगावर काटा आला. गाडीवाला गट नाहीच मिळाला तर उत्तर केनियातली ग्रेवी जातीच्या झेब्र्यांच्या गणनेची मोहीमही बघून ठेवा. जानेवारी 2016 मध्ये पहिल्यांदा झाली. तिथे रात्रभर बसायचं नसतं, फिरून फोटो काढायचे आणि तेही फक्त उजव्या बाजूचे. पट्टे बोटांच्या ठशांसारखे, प्रत्येकाचे वेगळे, म्हणून एकच बाजू ठरवलेली. पहिल्या वेळी साधारण 2,350चा अंदाज निघाला.

लालबागकर

बाई, हिला मोठ्याने वाचून दाखवलं. 63 वर आलो तेव्हा ती म्हणाली, "पुन्हा वाचा." आता नकाशा काढून बसलीय. एकच विचारतो, नोंदी कशावर करायच्या? फोनवर चालतं?

गणिताच्या बाई

फोन नको, उजेडाने जनावर बिचकतं आणि आपल्याही डोळ्यांपुढे अंधारी येते. टॉर्चवर लाल जिलेटीनचा कागद लावा. छापील तक्ता मिळतो, त्यावर पेन्सिलने लिहा. पेन्सिली दोन न्या, माझी एक रात्री वाळूत पडली ती सकाळपर्यंत सापडली नाही. आणि वहिनी येणार असतील तर पाळ्या आत्ताच ठरवा, दोन ते चार एकट्याने काढवत नाहीत.