सेक्शन ८ व्हाउचर मिळालं, घर मिळेना (जर्सी सिटी) – सल्ला हवा

कोरांटी
नमस्कार. चार वर्षं यादीत होते, अखेर सेक्शन ८ चं व्हाउचर हातात आलं (कमी उत्पन्नवाल्यांच्या भाड्याचा काही भाग सरकार भरतं, घर मात्र आपणच शोधायचं). दोन बेडरूमचं आहे, मी आणि पाचवीतली लेक. घर शोधायला दिलेल्या साठ दिवसांतले बावीस उरलेत. त्यांनी धरलेलं माझं उत्पन्न महिना २,००० डॉलर, म्हणजे भाड्यातला माझा वाटा ३० टक्क्यांनी ६०० च्या आसपास. वर फार तर १०० झेपतील. डिपॉझिटला २,५०० साठवलेत. शाळा जर्नल स्क्वेअरजवळ, गाडी नाही. अकरा ठिकाणी फोन केले, व्हाउचर म्हटलं की "आत्ताच गेलं हो घर". कुणी यातून गेलं असेल तर सांगा. "एडिसनला राहायला जा" हा सल्ला कृपया नको.

एडिसनचे_अण्णा
ताई, रागावू नका, पण एडिसनच बघा. शाळा उत्तम, ओक ट्री रोडवर सगळं मिळतं. गाडी काय, शिकता येते. आमची ही पन्नासाव्या वर्षी शिकली.

पक्कं_घर
भाडं म्हणजे पाण्यात पैसे. मी २०११ मध्ये काँडो घेतला तेव्हा सगळे हसले होते. आज किंमत विचारा. थोडं डाउन पेमेंट जमवून स्वतःचंच का बघत नाही?

धांदरट
@पक्कं_घर वरची पोस्ट वाचलीत का? २,५०० आहेत त्यांच्याकडे.

कोरांटी, आमचं घोडं इन्स्पेक्शनला, म्हणजे व्हाउचरवाल्यांच्या घरतपासणीला, अडलं होतं. शेगडीचे तीन बर्नर पेटले, चौथा नुसता टकटक करत राहिला. नापास! मालक म्हणतो, "तुम्ही दोघं, चौथ्यावर काय शिजवणार?" पुन्हा तपासणी होईपर्यंत तीन आठवडे गेले आणि तोवर जुन्या घराचं भाडं खिशातून. तेव्हा घर बघायला जाल तेव्हाच चारही बर्नर लावून बघा, खिडक्यांच्या कड्या नीट बसतात का बघा, स्मोक डिटेक्टरचं बटण दाबा. आणि पास होण्याआधी सामान हलवू नका. त्या दिवसांचे पैसे सरकार देत नाही.

ह्यूस्टनकर
व्हाउचर दुसऱ्या राज्यात नेता येतं. इकडे या, त्याच भाड्यात स्विमिंग पूल असलेलं कॉम्प्लेक्स मिळेल.

कलम_कसाई
नेता येतं, खरंय. पण टेक्सासात मालक व्हाउचरला सरळ नाही म्हणू शकतो, वर शहरांनी त्याविरुद्ध नियम करू नयेत असा राज्याचा कायदा आहे. न्यू जर्सीत "व्हाउचर घेत नाही" म्हणणंच बेकायदा. फोनवर बोलू नका, ईमेल किंवा मेसेज करा. लेखी नकार आला की राज्याच्या डिव्हिजन ऑन सिव्हिल राइट्सकडे (भेदभावाच्या तक्रारी बघणारं खातं) तक्रार. "पगार भाड्याच्या तिप्पट हवा" म्हणाले तर ती तिप्पट तुमच्या वाट्याची, पूर्ण भाड्याची नाही.

ह्यूस्टनकर
पण पूल आहे.

रामफळ
तक्रार करून घर मिळतं का? निकाल लागेपर्यंत बावीस दिवस कधीच संपतील. कोरांटी, तुमचा भाऊ बेयॉनला आहे ना? त्याच्याच घराचा खालचा मजला भाड्याने दाखवा. घरचे पैसे घरात.

धांदरट
नाही चालत. आईवडील, मुलं, भाऊबहीण, आजीआजोबा, नातवंडं यांच्या मालकीचं घर व्हाउचरवर घेता येत नाही. अपंगत्वामुळे तेच घर लागणार असेल तरच सूट.

पक्कं_घर
भाऊ असेल तर त्याच्या घराचा खालचा मजला घ्या, सोपं आहे.

रामफळ
मीही तेच म्हटलं.

धांदरट
🤦

सरळमार्गी
आम्ही टॅक्स भरायचा आणि लोकांनी फुकट राहायचं. चालू द्या.

कोरांटी
फुकट नाही हो, ६०० मी भरते. आणि किराणा दुकानात उभी राहते त्या पगारातून टॅक्स माझाही कापतात.

एडिसनचे_अण्णा
वाटा ३० टक्के म्हणजे ३०. वर एक सेंट घेतला तरी गुन्हा.

कलम_कसाई
अण्णा, अर्धं बरोबर. हाउसिंग ऑथॉरिटीने (व्हाउचर देणारं ऑफिस) ठरवलेल्या मर्यादेपेक्षा घर महाग असेल तर वरचा फरक भाडेकरूने भरायचा, फक्त नव्या घरात शिरताना एकूण वाटा उत्पन्नाच्या ४० टक्क्यांपुढे जायला नको. म्हणजे इथे ८००. गुन्हा केव्हा? मालक करारात एक आकडा लिहून हातात वेगळे मागतो तेव्हा.

ओलं_खोबरं
एक कुणीच सांगितलं नाही. जाहिरातीतल्या भाड्यात हीट (घर गरम ठेवायचा खर्च) धरलंय का बघा. वीज-गॅस तुमच्याकडे असेल तर त्याचा अंदाज भाड्यात मिळवूनच मर्यादा तपासतात. आमचं २,००० चं घर त्यामुळे बसलं नाही, शेजारचं २,१०० चं हीटसकट बसलं. मुदतवाढ आजच लेखी मागा, शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. घर ठरलं की रिक्वेस्ट फॉर टेनन्सी अप्रूव्हल (घर मंजूर करून घ्यायचा फॉर्म) देऊन टाका, त्यावर निर्णय येईपर्यंत साठ दिवसांचं घड्याळ थांबतं. डिपॉझिट या राज्यात दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. मात्र ते व्हाउचरमध्ये धरलेलं नसतं.

एडिसनचे_अण्णा
आणि तिसरा मजला घेऊ नका. लिफ्ट नसेल तर गुडघे जातात. लाँड्रीच्या वर तर मुळीच नको, उन्हाळ्यात भट्टी होते.

कोरांटी (नऊ दिवसांनी)
सगळ्यांचे आभार. ठरवलं एक. तिसरा मजला, लिफ्ट नाही, खाली लाँड्री. अण्णा, सॉरी. शाळा चालत सात मिनिटं, हीट भाड्यात, माझा वाटा ६८० बसेल असं ऑफिसातली बाई म्हणाली. मालकीणबाईंनी आधी कधी व्हाउचर घेतलेलं नाही, फॉर्म आम्ही दोघींनी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून भरला. डिपॉझिट एका महिन्याचंच घेतायत. तक्रार केली नाही, तेवढा जीव नव्हता.

कलम_कसाई
ते अकरा नकार तरी जपून ठेवा.

धांदरट
बर्नर बघितले?

कोरांटी
बघितले! तीन पेटले. चौथ्याला काडी लावावी लागली. मालकीणबाई उद्या माणूस बोलावतायत, इन्स्पेक्शन गुरुवारी.