जिप्सीचं स्टेअरिंग ढिलं: स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळू का?

प्रश्न (वारजे)
मंडळी, २००४ ची जिप्सी किंग आहे. पाटे आणि टायर मूळ मापाचेच. स्टेअरिंगला तीन बोटं प्ले आहे, म्हणजे चाकं न वळता ते तेवढं मोकळंच फिरतं. साठच्या पुढे गाडी रेषेत राहत नाही, सारखी सांभाळावी लागते. शिवाय कात्रजच्या जुन्या घाटात खड्डा लागला की पुढची चाकं लटपटायला लागतात, ती वेग अगदी कमी केल्यावरच थांबतात. एक मेकॅनिक म्हणतो बॉक्सचा (स्टेअरिंगच्या गिअरच्या डब्याचा) स्क्रू आवळा, दुसरा म्हणतो नवा डॅम्पर (स्टेअरिंगचे झटके दाबणारा) टाका. आधी काय करू?

उत्तर (कोथरूड)
दादा, स्क्रूला कुणालाही हात लावू देऊ नका. तो सगळ्यात शेवटी.

रिमवर पट्टी धरून प्ले मोजा. १० ते ३० मिमी चालतो, तुमचा नक्कीच जास्त आहे. आता इंजिन बंद, चाकं जमिनीवर आणि सरळ. एकाला आत बसवून स्टेअरिंग फक्त प्लेपुरतं डावं-उजवं हलवत राहायला सांगा आणि तुम्ही गाडीखाली जा. प्रत्येक जोडावर मूठ अशी ठेवा की अर्धी बोटं रॉडवर आणि अर्धी आर्मवर येतील. खराब बॉल जॉइंटमध्ये एक भाग आधी हलतो, दुसरा मागून येतो. डोळ्याला दिसत नाही ती टकटक बोटांना कळते.

वरून खाली या. पहिला कॉलमचा रबर जॉइंट, तो चिरलेला असतो. मग बॉक्स. आत जाणारा शाफ्ट फिरतोय आणि पिटमन आर्म (बॉक्समधून बाहेर येणारा दांडा) थांबून आहे, तर झीज बॉक्सच्या आत. अख्खा बॉक्सच चॅसीवर हलत असेल तर बोल्ट ढिले. बोल्टच्या डोक्याभोवती तपकिरी भुकटी जमलेली दिसली की तो हलतोय समजा, आणि तिथे ब्रशने घासून चॅसीला तडा आहे का तेही बघा. त्यानंतर ड्रॅग लिंकची (पिटमन आर्मपासून चाकाकडे जाणारा रॉड) दोन्ही टोकं, मग टाय रॉडची (दोन्ही पुढची चाकं जोडणारा रॉड). रबरी बूट फाटलेला एंड (रॉडच्या टोकाचा जॉइंट) प्ले नसला तरी बदला, पावसाळ्यात आत चिखल जाऊन तो संपणारच आहे.

स्क्रू आधी का नको? बॉक्स मधोमध झिजतो, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मधला प्ले जाईपर्यंत आवळलात तर न झिजलेल्या बाजूला दात अडकतात. वळणावर स्टेअरिंग जड होतं आणि सोडल्यावर परत येत नाही. घाटात हे फार धोक्याचं आहे.

उत्तर (धायरी)
वरचं सगळं बरोबर, पण लटपट हे वेगळं दुखणं आहे. तिथे माझा पहिला संशय किंगपिन बेअरिंगवर, म्हणजे चाक डावं-उजवं वळताना ज्या खिळीवर फिरतं तिच्या बेअरिंगवर. डॅम्परने लटपट काही महिने दबते, बेअरिंग आतून खात राहतं.

पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर घ्या, खाली घोड्या (आधाराचे स्टँड) लावा. चाक वर-खाली, म्हणजे बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. हललं तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. हलणं थांबलं तर हबचं बेअरिंग, नाही थांबलं तर किंगपिन. चाकांचं बॅलन्सिंगही करून घ्या, लटपट सुरू करायला तेवढं पुरतं.

प्रश्न (वारजे)
ब्रेक दाबूनही हलतंय, उजवीकडे जास्त. नकलच्या (चाकासोबत वळणारा अ‍ॅक्सलच्या टोकाचा भाग) गोळ्यावर तेलकट ओल आहे. ड्रॅग लिंकचं एक टोकही टकटकतंय.

उत्तर (धायरी)
म्हणजे आतलं अ‍ॅक्सल सील गेलंय. डिफचं (डिफरन्शियलचं) तेल नकलमध्ये उतरून ग्रीस पातळ करतं. नकल उघडणारच आहात तर दोन्ही बाजूंची किंगपिन बेअरिंग, आतलं सील आणि गोळ्यावरचं सील एकदमच बदला. नाना पेठेत जाताना जुनं बेअरिंग सोबत न्या आणि कप-रोलर जोडीनेच घ्या. जुन्या कपवरून नख फिरवून बघा. सरळ चालताना रोलर जिथे बसतात तिथे खड्डे लागतील. अशा कपवर शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) कमी करून आवळणं व्यर्थ.

जोडताना टाय रॉड सुटा आणि गोळ्याचं सील बाजूला ठेवून, टाय रॉडच्या भोकात ताणकाटा अडकवून नकल ओढा. १ ते १.८ किलोला हलायला हवी. सैल असेल तर शिम काढा, जड असेल तर घाला.

उत्तर (कोथरूड)
ड्रॅग लिंकचा एंड बदलल्यावर टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत वळलेली आहेत ते) बघा. टायरच्या मध्यावर खडूची खूण करा, हबच्या उंचीला मागून अंतर मोजा, गाडी पुढे ढकलून त्याच खुणा समोर आणून पुन्हा मोजा. समोरचं माप २ ते ६ मिमी कमी हवं.

एवढं करूनही प्ले ३० मिमीच्या वर राहिला तरच बॉक्स. ड्रॅग लिंक पिटमन आर्मपासून सोडवा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजून बरोबर अर्ध्यावर थांबा. लॉकनट सैल करून स्क्रू फेऱ्याच्या आठव्या भागाइतकाच फिरवा. लॉकनट आवळताना स्क्रू पेचकसाने धरून ठेवा, नाहीतर तोही सोबत फिरतो. मग स्टेअरिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवून बघा, कुठेही अडकलं तर स्क्रू मागे घ्या. मागे घेतल्यावर मधे प्ले परत आला तर आतले भाग बदलायचेच. आणि सोडलेल्या प्रत्येक कॅसल नटला (खाचांच्या नटला) नवी स्प्लिट पिन, जुनी सरळ करून पुन्हा घालू नका.