अळू एकदल कसं काय? पानावर तर जाळी दिसतेय

कुंडीवाली: मुलगी सातवीला आहे, दहा पानं वहीत चिकटवून एकदल की द्विदल ते लिहून न्यायचं होतं. समांतर शिरा म्हणजे एकदल, जाळी म्हणजे द्विदल, एवढंच शिकवलंय. गवत, मका, जास्वंद, वड पटापट झाले आणि अळूपाशी गाडी अडली. वड्या करताना मी मागच्या शिरा लाटण्याने दाबते त्यामुळे ते पान मला पाठ आहे, जाड शिरांच्या मधे बारीक जाळी असतेच, म्हणून तिने द्विदल लिहिलं तर बाईंनी लाल पेनने गोल केला, कारण काही नाही. कोण बरोबर?

रानोमाळ: बाई बरोबर 🙂 अळू एकदलच, सुरणही. नुसत्या पानावर जाऊ नका, घोटवेल आणि कोनफळाच्या पानावरही जाळी असते आणि दोन्ही एकदल. अळू उपटून बघा, दोऱ्यांसारख्या मुळांचा झुपका दिसेल, सोटमूळ नाहीच. खरी परीक्षा बियांची. मूग भिजवून साल काढा, दोन डाळी सुट्या होतात, तीच ती दोन दलं. मक्याचा दाणा कितीही भिजवा, तशा दोन फाका होत नाहीत.

उसाचा फड: आमच्याकडं हे तणनाशकावरनं कळतं. उसात टू फोर डी मारलं की रुंद पानाचं तण वाळतं, ऊस एकदल म्हणून तरतो, पण हरळी आणि लव्हाळा पण एकदलच, ते जागच्या जागी. एकदा वारं असताना मारलं आणि बांधापलीकडं भावाच्या कपाशीची पानं भेंडीगत चिरली, महिनाभर बोलत नव्हता.

सोनचाफा७: पाकळ्या मोजूनही फसायला होतं बरं का. तीनच्या पटीत एकदल, चार-पाचच्या पटीत द्विदल म्हणतात, आणि सीताफळाच्या फुलाला जाड पाकळ्या तीनच, तरी ते एकदल नाही. सीताफळ, सोनचाफा, मिरी, दालचिनी ही वेगळीच जुनी शाखा, बी दोन दलांचं असलं तरी १९९८ च्या एपीजी या फुलझाडांच्या वर्गीकरणापासून त्यांना खऱ्या द्विदलांत धरत नाहीत. सातवीच्या वहीत हे लिहू नका, गोल अजून मोठा होईल.

कुंडीवाली: उपटला. झुपकाच आहे! आता परत कुंडीत लावला तर जगेल का?

रानोमाळ: कंद शाबूत आहे ना, मग लावा बिनधास्त.