थंडीत ठासणीच्या रायफलचा पहिला बार फुसका का जातो?

नवा नेमबाज
माझी रायफल टोपीने (ठोसा बसताच ठिणगी देणाऱ्या धातूच्या छोट्या वाटीने) पेटणारी असून नळीचा व्यास अर्धा इंच आहे. चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोल गोळी मी वापरतो. पारा शून्याखाली गेल्यापासून पहिल्या बाराला टोपी फुटते, पण दारू पेटत नाही, किंवा क्षणभर थांबून पेटते. तिसऱ्या-चौथ्या बारानंतर गोळी गजाने ढकलताना अर्ध्यावरच अडते. मैदानावरील एका सोबत्याच्या मते थंडीने नळी आक्रसते. मधल्या विश्रांतीत मी रिकामी रायफल उबदार खोलीत नेतो. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

गजधारी
नळी आक्रसते हे खरे असले, तरी ते इतके अल्प असते की गोळी त्यामुळे अडणे शक्य नाही. तापमान ३० अंशांनी उतरले, तर अर्ध्या इंचाचा पोलादी व्यास ०.००५ मिलिमीटरहूनही कमी घटतो. शिसे तर पोलादाच्या दुपटीहून अधिक आक्रसते, म्हणजे हिशेबाने गोळी उलट सैल व्हायला हवी!

अडथळा जळालेल्या दारूच्या राखेचा आहे. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळाल्यावर घनरूपात उरतो. त्यातील पोटॅशियम कार्बोनेट हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे दमट दिवसांत ही राख मऊ राहते. कडाक्याच्या थंडीतील हवेत मात्र ओलावा फारच थोडा असल्यामुळे तिची कडक खपली धरते. त्यात चिंधीला मेण आणि चरबीचे मिश्रण लावले असेल, तर तेही थिजते. मेणाचे प्रमाण कमी करून तेल वाढवावे आणि दर बारानंतर नळी पुसावी.

पहिल्या बाराचे कारण वेगळे आहे आणि ते बहुधा आपल्या विश्रांतीतच दडले आहे. गार धातू उबदार खोलीत नेताच त्यावर दव धरते, आणि ते नळीच्या तळाशी व निपलच्या, म्हणजे टोपी जिच्यावर बसते त्या पोकळ खुंटीच्या, बारीक छिद्रातही उतरते. तशीच रायफल बाहेर आणून ठासली, की दारू ओलसर होणारच. म्हणून विश्रांतीतही रिकामी रायफल बाहेर थंडीतच, आडोशाला आणि कोणाच्या तरी नजरेखाली ठेवावी. साफसफाईचे तेल छिद्रात थिजून राहिले, तरी हाच परिणाम होतो. तेव्हा ठासण्यापूर्वी नळी कोरडी पुसावी आणि रिकाम्या नळीवर दोन टोप्या फोडून वाट मोकळी करून घ्यावी. नळीत फुंकर मारून राख मऊ करण्याची जुनी खोड मात्र सर्वथा टाळावी. थंडीत तो श्वास आतच गोठतो, आणि बंदुकीच्या तोंडासमोर चेहरा नेण्याचे समर्थन कोणत्याच ऋतूत होत नाही.

चापओढ्या
वरील मताशी सहमत आहे, पण पुसण्याच्या चिंधीला नुसते पाणी लावू नये, कारण ते नळीतच गोठते. मी स्पिरिट मिसळलेले पाणी वापरतो आणि त्यामागोमाग कोरडी चिंधी फिरवतो. नळी पुरती सुकल्याखेरीज दारू ओतत नाही. घोड्याच्या यंत्रणेतील तेलही जवळजवळ पुसून काढावे, कारण ते दाट झाले की घोडा मंद पडतो आणि टोपीवर पुरेसा ठोसा बसत नाही. जाड हातमोज्यांनी चाप अवेळी दाबला जाण्याचा धोका असतो, याचेही भान असावे.

नवा नेमबाज
टोपी फुटूनही बार न उडाल्यास किती वेळ थांबावे? आणि दिवस संपल्यावर रायफल घरात न्यावीच लागते, तेव्हा दवाचे काय करावे?

गजधारी
नळीचे तोंड लक्ष्याकडेच धरून किमान १ मिनिट थांबावे आणि मगच नवी टोपी चढवावी. घरात नेण्यापूर्वी ठासलेला बार मैदानावरच उडवून टाकावा. रिकामी रायफल बाहेरच बंद खोळीत घालावी आणि घरात आणल्यावर खोळ तासाभराने तरी उघडावी, म्हणजे दव बरेचसे खोळीच्या बाहेरच धरते. त्यानंतर गरम पाण्याने धुऊन, सुकवून तेल लावण्याचे काम त्याच रात्री उरकावे.